रिमोटवाला कार अलार्म नीट कसा वापरायचा: मुंबईतल्या नवीन गाडीवाल्यांसाठी

बेस मॉडेल घेतलं किंवा सेकंडहँड गाडी घेतली की रिमोट आणि अलार्म बहुतेक वेळा बाहेरून बसवलेला असतो, आणि बसवणारा फिटर दोन मिनिटांत चारही बटणं दाबून दाखवतो, "हे लॉक, हे अनलॉक, झालं साहेब" म्हणतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. मग एखाद्या रात्री अडीच वाजता इंटरकॉम वाजतो, खालून वॉचमन सांगतो की तुमची गाडी बोंबलतेय, आणि आपण अर्धवट झोपेत गॅलरीतून रिमोट दाबत बसतो. नवीन माणसावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. जी गाडी सोसायटीत रोज उठून उगाच ओरडते तिच्याकडे नंतर कोणी खिडकी उघडूनसुद्धा बघत नाही, मग एखाद्या रात्री खरंच कोणी काच फोडत असलं तरी. त्यामुळे सायरन किती मोठा आहे यापेक्षा तो फालतू कारणाने वाजत नाही ना, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते ९० टक्के तुमच्या हातात असतं.

आधी गाडीत काय काय बसलंय ते बघून घ्या

दिवसाउजेडी, निवांत वेळ काढून. स्टीअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या आत एक काळा डबा असतो, तो कंट्रोल युनिट, म्हणजे मेंदू. बॉनेटखाली सायरन असतो, त्याचं तोंड खाली किंवा तिरकं हवं, वर असेल तर पावसाचं पाणी आत साचतं आणि दोन पावसाळ्यांत त्याचा आवाज बसतो. डॅशबोर्डवर किंवा काचेच्या कोपऱ्यात लुकलुकणारा लाल एलईडी. दरवाज्याच्या चौकटीत ते रबरी टोपीचं बटण असतं ना, ज्याने दार उघडल्यावर आतला दिवा लागतो, अलार्मही त्याच्यावरूनच ओळखतो की दार उघडलं. बॉनेटला वेगळा स्विच असतो, डिकीला असतोच असं नाही, ते मुद्दाम विचारा. शॉक सेन्सर म्हणजे गाडीला बसलेला धक्का ओळखणारा काडेपेटीएवढा डबा, त्याबद्दल पुढे बरंच लिहिलंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओव्हरराइड बटण. कोणी त्याला व्हॅले स्विच म्हणतं, कोणी सर्व्हिस बटण. छोटंसं बटण, मुद्दाम लपवून बसवलेलं, कधी फ्यूजबॉक्सच्या मागे, कधी स्टीअरिंगखालच्या प्लास्टिकच्या आत. रिमोट गेला किंवा मेला तर गाडी याच बटणाने चालू होते. फिटरकडून ते कुठे आहे हे विचारून घ्या, स्वतः बोट लावून बघा, आणि घरात आणखी एकाला दाखवून ठेवा. मॅन्युअलच्या सगळ्या पानांचे फोटो फोनमध्ये ठेवा, कारण ग्लोव्ह बॉक्समधलं मॅन्युअल गाडी लॉक असताना काही कामाचं नाही.

रोजचं लॉक आणि अनलॉक

इंजिन बंद, चावी बाहेर, सगळे खाली उतरले, दारं नीट लागली, मग लॉकचं बटण एकदा दाबायचं. बहुतेक सिस्टिममध्ये इंडिकेटर एकदा चमकतात, सायरन एकदा "टुक" करतो आणि लाल एलईडी लुकलुकायला लागतो. एखादं दार किंवा बॉनेट अर्धवट लागलं असेल तर टुकटुक वेगळी येते किंवा इंडिकेटर जास्त वेळा चमकतात, तेव्हा तसंच निघून जाऊ नका.

यानंतर हँडल ओढून बघायची सवय लावा, दर वेळी. गर्दीत, फोनवर बोलत, पाच पावलं पुढे गेल्यावर मागे न बघता बटण दाबलं तर सिग्नल पोचला की नाही कळत नाही, शिवाय जॅमर वापरून रिमोटचा सिग्नल अडवता येतो, मग तुम्हाला वाटतं लॉक झालं आणि गाडी उघडीच. हँडल ओढायला एक सेकंद लागतो.

अनलॉक केलं की साधारण दोन टुकटुक. दोनच्या ऐवजी तीन-चार आल्या तर ती सिस्टिम सांगतेय की तुम्ही नसताना अलार्म वाजला होता. (संख्या कंपनीप्रमाणे बदलते, मॅन्युअलमध्ये बघा.) हे नव्वद टक्के लोकांना माहीत नसतं आणि ते तसेच गाडीत बसून निघून जातात. अशा वेळी गाडीभोवती एक चक्कर मारा, काचा, दाराची कुलपं, टायर, डिकी बघा, मग बसा.

आता ऑटो रीआर्म. तुम्ही अनलॉक केलं पण साधारण ३० सेकंदात एकही दार उघडलं नाही तर गाडी स्वतःहून परत लॉक होते. खिशात चुकून बटण दाबलं गेलं तर गाडी उघडी राहू नये म्हणून ही सोय आहे आणि चांगली आहे. पण डिकीचा स्विच अलार्मला जोडलेला नसेल तर काय होतं बघा: तुम्ही अनलॉक केलं, फक्त डिकी उघडली, भाजीच्या पिशव्या ठेवल्या, दोन्ही हात मोकळे करायला चावी-रिमोट पिशवीशेजारी ठेवला, सिस्टिमच्या हिशोबाने कुठलंच दार उघडलं नाही म्हणून तिने चारही दारं लॉक केली, आणि तुम्ही डिकी धाडकन लावली. चावी आत, तुम्ही बाहेर. म्हणून डिकीचा स्विच जोडून घ्या, फार खर्चाचं काम नाही, आणि तोपर्यंत चावी हातातच.

दुसरा रिमोट आणि चावी घरी ठेवायची, गाडीत नाही. आणि गाडीत मूल, म्हातारं माणूस किंवा कुत्रा ठेवून "दोन मिनिटांत आलो" म्हणत लॉक करून जाऊ नका. बंद गाडी मुंबईच्या उन्हात काही मिनिटांत तापते, आणि आतल्या माणसाने घाबरून दार उघडलं तर वर सायरन सुरू होतो.

बाकीची बटणं पटकन. सायरनवर काट मारलेलं चित्र असतं ते सायलेंट, रात्री अकरानंतर सोसायटीत तेच वापरा, टुकटुक होत नाही पण अलार्म पूर्ण चालू असतो. कार फाइंडर दाबलं की इंडिकेटर चमकतात, मॉलच्या बेसमेंटमध्ये उपयोगी. पॅनिक बटण दाबून धरलं की सायरन सुरू होतो, रात्री गाडीकडे जाताना कोणी मागे लागलंय असं वाटलं तर बिनधास्त दाबा, त्यासाठीच आहे.

शॉक सेन्सर, इथे वेळ द्या

उगाच वाजणारे बहुतेक अलार्म या एका डब्यामुळे वाजतात. फिटर बसवताना तो बऱ्याचदा खूप सेन्सिटिव्ह ठेवतो, कारण गिऱ्हाइकासमोर काचेवर टिचकी मारली आणि सायरन वाजला की गिऱ्हाईक खुश. पण मुंबईत गाडीला दिवसभर धक्के बसतच असतात. रस्त्यावर पार्क केली असेल तर बाजूने बेस्टची बस जाते, सोसायटीत मांजर बॉनेटवर उडी मारतं, स्टॅक पार्किंगचं प्लॅटफॉर्म वरखाली होताना अख्खी गाडी हादरते, जूनमध्ये ढग गडगडतात, विसर्जनाला ढोल-ताशा, दिवाळीत सुतळी बॉम्ब. आणि रोज पहाटे गाडी पुसणारा येतो, तो बादली घेऊन काच जोर लावून पुसतो, त्या बिचाऱ्याने काय करायचं?

तर सेटिंग असं करा. अलार्म अनलॉक करून स्टीअरिंगच्या खाली बघा, सेन्सर स्टीअरिंगच्या खांबाला किंवा बॉडीच्या पत्र्याला टायने नाहीतर डबल टेपने लावलेला असतो. आधी हात लावून बघा घट्ट आहे का, टेप सुटून तो वायरला लोंबकळत असेल तर कितीही सेटिंग करा, उभ्या गाडीला जरा हादरा बसला की तो इकडेतिकडे आपटणार. त्याच्यावर बारीक स्क्रू किंवा खाच असलेली नॉब असते, बाजूला अधिक-उणेची खूण. छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन हलक्या हाताने उणेकडे फिरवा, पूर्ण टोकापर्यंत नेल्यावर जोर लावू नका, आतला भाग प्लास्टिकचा असतो, तुटतो. टोकाला नेऊन मग थोडं परत अधिककडे आणा, म्हणजे एकूण फिरतं त्याच्या पाव भागावर.

आता काचा बंद, दारं बंद, लॉक करा आणि अर्धा मिनिट थांबा, कारण सेन्सर लगेच जागा होत नाही. मग पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावर उघड्या तळहाताने मध्यम थाप मारा. काहीच झालं नाही पाहिजे, किंवा फार तर दोन-तीन इशाऱ्याच्या टुकटुक. मग मुठीच्या बाजूने जरा जोरात. आता पूर्ण सायरन सुरू झाला पाहिजे. नाही झाला तर अनलॉक करून नॉब किंचित अधिककडे, परत लॉक, परत अर्धा मिनिट, परत थाप. हे कंटाळवाणं काम आहे, पण एकदा नीट जमलं की वर्षभर बघायला लागत नाही. दुपारी करा, रात्री नको, आणि वॉचमनला आधी सांगून ठेवा.

यानंतर एक आठवडा वॉचमनला आणि गाडी पुसणाऱ्याला विचारत राहा, "भाऊ, वाजली का गाडी?" त्यांच्याइतकं खरं कोणी सांगणार नाही.

गणपती, नवरात्र, दिवाळीसाठी वेगळी सोय असते. बऱ्याच सिस्टिममध्ये लॉक केल्यावर काही सेकंदांत लॉकचंच बटण परत दाबलं की फक्त शॉक सेन्सर बंद होतो, दारं, बॉनेट, इमोबिलायझर (इंजिन स्टार्ट होऊ न देणारी सोय) सगळं चालू राहतं. पुढच्या वेळी लॉक कराल तेव्हा सेन्सर आपोआप परत चालू. आपल्या मॉडेलला ही सोय कुठल्या बटणावर आहे ते शोधून ठेवा, दिवाळीचे चार दिवस तीच वापरायची.

आवाजाचा नियमही माहीत असू द्या. ध्वनी प्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, त्यात रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे, हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात त्याहून कमी. अलार्मच्या सायरनच्या खोक्यावर ११०, १२० असे आकडे छापलेले असतात. परळला केईएम किंवा टाटा हॉस्पिटलच्या आसपास गाडी लावून दिवसभर आत थांबायचं असेल तर सेन्सर बंद करून लॉक करा, तिथे लोक आजारी माणसं घेऊन बसलेले असतात.

रिमोट चालत नाही किंवा सायरन थांबत नाही

घाबरू नका, क्रमाने जा. आधी गाडीच्या अगदी जवळ जाऊन दाबा. मोबाइल टॉवर, बेसमेंट, बाजूला दुसरा वायरलेस सिग्नल, अशाने रेंज कमी होते. रिमोटवरचा बारीक दिवा लागतोय का बघा. मंद लागत असेल किंवा लागतच नसेल तर सेल गेला.

सेल दोन प्रकारचे मिळतात. चपटा बटण सेल, बहुतेक वेळा सीआर २०३२ किंवा २०१६, ३ व्होल्टचा. जुन्या रिमोटमध्ये पेन्सिल सेलपेक्षाही आखूड, १२ व्होल्टचा २३ए नाहीतर २७ए. जुना सेल सोबत नेऊन तोच नंबर मागा, लॅमिंग्टन रोडला तर मिळतोच, गल्लीतल्या घड्याळवाल्याकडेही मिळतो. २०३२ च्या जागी २०१६ बसतो असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, तो पातळ असतो, नीट टेकत नाही, खड्ड्यात रिमोट हलला की बंद. एक जास्तीचा सेल पाकिटात ठेवा.

सेल नवा टाकूनही चालत नसेल आणि रिमोट मुलांच्या हातात खेळायला गेला असेल तर गाडीजवळ उभं राहून लॉक दोन-तीनदा सलग दाबा. रोलिंग कोडच्या रिमोटमध्ये दर दाबणीला कोड बदलतो, गाडीपासून लांब फार वेळा दाबलं गेलं की रिमोट आणि गाडीचा हिशोब पुढेमागे होतो, सलग दाबल्यावर बहुतेकदा जुळतो.

तरीही नाही? मग चावीने दार उघडा. सायरन सुरू होणार, होऊ द्या, लोक बघणार, बघू द्या. आत बसा, चावी ऑन करा, आणि ते लपवलेलं ओव्हरराइड बटण दाबा, काही मॉडेलमध्ये ठरावीक सेकंदांत, काहींमध्ये ठरावीक वेळा. सायरन बंद, इमोबिलायझर मोकळा, गाडी स्टार्ट. ही प्रॅक्टिस एकदा घरी, दिवसा करून बघा. महत्त्वाच्या दिवशी पावसात उभं राहून पहिल्यांदा ते बटण शोधणं फार वाईट असतं.

लाल एलईडीच लुकलुकत नसेल आणि चावीने दार उघडल्यावर आतला दिवाही लागत नसेल तर दोष अलार्मचा नाही, गाडीची बॅटरी उतरलीय. अलार्म दिवसरात्र थोडा करंट खातो. समजा २० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला साधारण अर्धा अँपिअर-अवर, महिन्याला १४ च्या पुढे, आणि छोट्या गाडीची बॅटरी ३५ ची असते. गावाला महिनाभर जाणार असाल तर कोणाला तरी आठवड्यातून एकदा गाडी थोडी फिरवायला सांगा, नुसती चालू करून दोन मिनिटांत बंद केली तर उलट बॅटरी आणखी उतरते. जम्प स्टार्ट देताना, म्हणजे दुसऱ्या बॅटरीवरून गाडी चालू करताना, बॅटरी जोडताच सायरन वाजू शकतो, रिमोट हातात ठेवा.

पावसाळा आणि उंदीर

फक्त पावसातच गाडी ओरडत असेल तर आधी बॉनेटचा स्विच बघा. मुंबईच्या दमट हवेत तो गंजतो, पाणी गेलं की सिस्टिमला वाटतं बॉनेट उघडलं. बॉनेट वर करा, त्या स्विचवर बोट दाबून सोडा, अडकतोय किंवा तपकिरी गंज दिसतोय का बघा. पुसून, स्प्रे मारून नाही सुधारला तर सरळ बदला, स्वस्त वस्तू आहे. मे महिन्यातच बघून ठेवलं तर उत्तम.

हिंदमाता, मिलन सबवेसारख्या ठिकाणी पाणी आत शिरून कार्पेट भिजलं असेल तर रिमोट चाललाच तरी गाडी चालू करू नका. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, इलेक्ट्रिशियनकडून कंट्रोल युनिट आणि जोड सुकवून तपासून घ्या. रिमोट भिजला तर सेल काढून, उघडून, कोरड्या जागी ठेवा.

उंदीर वायरी कुरतडतात, विशेषतः तळमजल्याच्या पार्किंगमध्ये आणि कचऱ्याच्या डब्याशेजारी. अचानक सायरनच वाजत नाही पण बाकी सगळं चालतंय, असं झालं तर सायरनची वायर बघा.

गाडी दुसऱ्याच्या हातात देताना

गॅरेजला किंवा हॉटेलच्या पार्किंगवाल्याला गाडी देताना व्हॅले मोड लावा. अलार्म आणि इमोबिलायझर बंद राहतो, सेंट्रल लॉक चालतं, एलईडी बहुतेक वेळा लुकलुकायचा थांबून सतत लागून राहतो. गाडी परत घेतल्यावर मोड काढायचा, हे लोक विसरतात आणि महिनाभर अलार्मशिवाय फिरतात. ओव्हरराइड बटण कुठे आहे ते कोणालाही सांगायचं कारण नाही.

नवीन बसवत असाल तर

ऑपेरा हाऊसला, कुर्ला-कालिन्याच्या सीएसटी रोडला अशी दुकानं भरपूर आहेत, किंमत दोन-तीन ठिकाणी विचारा. रोलिंग कोड आहे का हे विचारा, जुन्या फिक्स कोडच्या रिमोटचा सिग्नल पकडून त्याची नक्कल करता येते. कपलरने (वायर न कापता जोडायच्या प्लगने) बसवणार की कंपनीची वायर कापून जोडणार हेही विचारा, गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापू देऊ नका.

चालत्या गाडीचं इंजिन बंद करणारी अँटी हायजॅकची सोय फिटर कौतुकाने दाखवतो. माझं स्पष्ट मत, ती जोडूच नका. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर किंवा सी लिंकवर वेगात असताना चुकून इंजिन बंद पडलं तर स्टीअरिंग जड होतं, दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही कडक होतो, मागून डंपर येत असतो. उभ्या गाडीत स्टार्टर अडवणारा इमोबिलायझर पुरेसा आहे.

बिल जपून ठेवा. पुण्याच्या एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेने मान्यता दिलेलं अँटी थेफ्ट डिव्हाइस असेल तर विम्याच्या ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियममध्ये अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये, सूट मिळू शकते, एजंटला विचारा. रक्कम छोटी आहे, पण चोरीचा क्लेम करायची वेळ आली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, म्हणून दुसरी चावी-रिमोट कुठे आहे हे कायम माहीत असू द्या.

अलार्म खरंच वाजत असेल आणि गाडीजवळ माणसं दिसली तर एकटे खाली धावू नका. वरून दिवे लावा, वॉचमनला इंटरकॉम करा, ११२ ला फोन करा.

आणि गाडी सेकंडहँड असेल तर पहिल्याच दिवशी इलेक्ट्रिशियनकडून जुने सगळे रिमोट सिस्टिममधून पुसून तुमचे दोन नव्याने शिकवून घ्या. आधीच्या मालकाकडे, त्याच्या ड्रायव्हरकडे किंवा डीलरच्या ड्रॉवरमध्ये तिसरा रिमोट असू शकतो आणि तो तुमची गाडी आरामात उघडतो. काम झाल्यावर तुमचे दोन्ही रिमोट तिथेच उभं राहून चालवून बघा, मगच पैसे द्या.